महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेच पोस्टर

*ताई, मी एका रेस्टॉरंटचं सोशल मीडिया सांभाळते. सहा महिन्यांपासून आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ड्रॅग ब्रंच असतो, म्हणजे उशिराच्या नाश्त्यासोबत ड्रॅग कलाकारांचा शो: भडक मेकअप, विग आणि पोशाखात बहुधा बाईचं रूप घेऊन नाच-गाणी-विनोद. पहिले दोन हाउसफुल्ल गेले. तिसऱ्यापासून गर्दी ओसरली आणि मागच्या वेळी निम्मी टेबलं रिकामी होती. मी कुठे कमी पडत नाही हो. दर महिन्याला नवं पोस्टर, रोज स्टोरी, खाली ढीगभर हॅशटॅग. बदाम येतात, टाळ्या येतात, माणसं येत नाहीत. मालक म्हणतात, ‘ड्रॅग हा शब्द बारीक टाक, नाहीतर नुसतं संडे स्पेशल लिही आणि थोडे पैसे टाकून बूस्ट कर.’ कलाकार म्हणतात, आमचे फोटो न विचारता टाकता. कॉमेंटमध्ये घाण येते ती वेगळीच. माझं नक्की चुकतंय कुठे?*
*— रविवारची रखवालदार*

प्रिय रखवालदार,

पत्रात तू पेजचं नाव दिलं होतंस, म्हणून जाऊन सहाही पोस्टरं पाहिली. ती सहा वेगवेगळी आहेत हे कळायलाच मला जरा वेळ लागला. तोच जांभळा रंग, तीच चकाकणारी अक्षरं, वर ‘पुन्हा एकदा!’, मधे चार कलाकारांचे कापून चिकटवलेले चेहरे आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख-वेळ. रीलमध्ये तर ती तळाची ओळ तुझ्याच कॅप्शनखाली गडप झालीये. सहा महिन्यांत बदलली ती फक्त तारीख, आणि तीही वाचता येत नाही.

‘नवं पोस्टर’ तू म्हणतेस. बघणाऱ्याला ते जुनंच दिसतंय.

पहिले दोन ब्रंच भरले कारण ती बातमी होती. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनाच मिळतात, तुलाही मिळाले. आता लोकांना तुझा ब्रंच आवडेनासा झालाय असं मला वाटत नाही. बदाम देणारे खोटे नाहीत. त्यांना यायचंय, फक्त ‘पुढच्या महिन्यात’. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला माणूस धावत जातो, कारण चुकला तर चुकला. तुझा ब्रंच काही पळून जात नाहीये. रोज मरे त्याला कोण रडे, तसं हे आहे. तेव्हा दर महिन्याला तुला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय: ह्याच रविवारी का? ‘ड्रॅग ब्रंच आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

उत्तर कलाकारांकडे असतं. एखादीचा रंगमंचावरचा पहिलाच रविवार असेल. होस्टचा वाढदिवस असेल. कुणी तीन आठवडे राबून एक पोशाख शिवला असेल आणि तो पहिल्यांदा अंगावर चढणार असेल. कुणी गाव सोडून चाललं असेल. हे सगळं दर महिन्याला घडतच असतं, तुला ते माहीत नसतं, कारण तू कलाकारांकडे फक्त फोटो मागतेस. ब्रंचच्या दहा-बारा दिवस आधी प्रत्येकीला एक फोन कर आणि विचार, ‘या वेळी तू काय करणारेस?’ पोस्टर, रील, कॅप्शन सगळं त्या उत्तरातून निघेल. ओढूनताणून थीम लावत बसू नकोस. दर महिन्याला थीम लावणाऱ्यांची चौथ्या महिन्यात दमछाक होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता रील. तुझ्या पेजवर चौदा रील मोजली. चौदाही रंगमंचावरची, लांबून काढलेली, हलत्या कॅमेऱ्याची, आणि त्यातल्या पाचांचा आवाजच गेलेला. तो का गेला हे तुला कोडं पडलं असेल. लिप-सिंक म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवणं, म्हणजेच दुसऱ्या कुणाचं तरी गाणं, आणि त्या गाण्याचे हक्क कुणाकडे तरी असतात. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला लोकप्रिय गाण्यांचं मोठं भांडार वापरता येत नाही, धंद्यासाठी मोकळी ठेवलेली गाणी तेवढी मिळतात. हॉलमध्ये वाजणारं गाणं तुझ्या मोबाइलने टिपलं तरी यंत्रणा ते ओळखते आणि आवाज बंद करते, कधी अख्खं रीलच काढून टाकते. ‘मग कलाकाराच्या खात्यावरून टाकू’ असं मनात आलं असेल तर ते काही खरं नाही. जाहिरात ती जाहिरातच, खातं कुणाचंही असो.

पण मला हे संकटच वाटत नाही. ड्रॅगमधली बघण्यासारखी निम्मी गोष्ट गाणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेली असते. एकदा सकाळी सात वाजता मेकअपच्या खोलीत जाऊन बस. समोर आरसा, त्याभोवती ब्रश, स्पंज, खोट्या पापण्यांच्या डब्या, खुर्चीच्या पाठीवर उलटा टांगलेला विग. कलाकार डिंकाची कांडी उचलते, मुलं शाळेत वहीत चित्रं चिकटवायला वापरतात तसलीच, आणि ती स्वतःच्या भुवयांवर फिरवते. छोट्या कंगव्याने केस कपाळाला सपाट बसवते. वाळू देते. परत एक थर. मग त्यावर पावडर थापते, फाउंडेशन लावते, आणि बघता बघता भुवई गायब! कपाळ कोऱ्या पाटीसारखं. मग बोटभर वर, जिथे भुवई कधी नव्हती तिथे, एका दमात नवी कमान काढते. हे सगळं करताना तिचं तोंड चालूच असतं. काल रात्री विग कसा फाटला, पहिल्यांदा सँडल घालून जिन्यावरून कशी पडली.

ह्यातले चाळीस सेकंद निवडून त्याचं रील कर. गाणं नको, तिचं बोलणंच ठेव. खाली बोललेले शब्द अक्षरांत दाखव, कारण बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी लोक आवाज बंद करूनच बघतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचीही सोय होते. ती अक्षरं पडद्याच्या मधल्या भागात ठेव, तळाला कॅप्शन बसतं आणि उजवीकडे बटणं. शेवटी तिनेच आरशातून बघत सांगावं: ‘रविवारी अकराला. या.’ बस, एवढंच.

असं रील लोक एकमेकांना पाठवतात, आणि तुला तेच हवंय. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचायची असेल, तर ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला मोठं वजन असतं. त्यात ब्रंचला एकटं कुणी सहसा येत नाही. चौघींचा ग्रुप येतो, वाढदिवसवाली टोळी येते, ऑफिसातलं टेबल येतं. त्यांचं ठरतं कुठे? कुणीतरी ग्रुपवर काहीतरी टाकतं आणि विचारतं, ‘जायचं का?’ तिथेच. तेव्हा टाकण्याआधी मनाशी विचार: हे कुणी मैत्रिणीला पाठवेल का? ‘पुन्हा एकदा!’ असं लिहिलेलं पोस्टर कुणी कुणाला पाठवत नाही. हॅशटॅग तीन-चार नेमके पुरे. त्यातला एक तुमच्या भागाचा असू दे.

कलाकारांच्या तक्रारीकडे आता वळते, आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. तू त्यांचे फोटो न विचारता उचललेस, दोन ठिकाणी नावाचं स्पेलिंग चुकवलंस, आणि एका पोस्टमध्ये एकीचं घरचं नाव लिहिलंस. ते आजच्या आज काढ, हे पुढे वाचायच्या आधी. रंगमंचाचं नाव हे टोपणनाव नसतं. ती त्या माणसाची कमाई असते, आणि कितीतरी जणांसाठी तेच संरक्षणही असतं: नोकरीवर, घरमालकाला, नातेवाइकांना काय ठाऊक असावं हे ज्याचं त्याने ठरवायचं. याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनाही उशिरा कळली. २०१४ च्या सप्टेंबरात फेसबुकने ‘खरं नाव लावा’ या नियमावर बोट ठेवून बऱ्याच ड्रॅग कलाकारांची खाती बंद केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ड्रॅग कलाकार सिस्टर रोमा आणि त्यांच्या सोबतच्यांनी ते प्रकरण लावून धरलं, आणि १ ऑक्टोबरला कंपनीचे बडे अधिकारी ख्रिस कॉक्स यांनी जाहीर माफी मागितली. प्रत्येकीला लेखी विचारून घे: नाव कसं लिहायचं, सर्वनाम कोणतं (ती, तो की आणखी काही), कोणतं खातं टॅग करायचं, कोणता फोटो चालेल. एकदाच विचारायचंय, मग ती यादी जपून ठेव.

आणि ‘कोलॅब’ वापर. पोस्ट टाकताना कलाकाराला सहभागी म्हणून बोलवायचं, तिने होकार दिला की तीच पोस्ट तिच्याही पेजवर दिसते, बदाम आणि कॉमेंट एकत्र जमतात. तुझ्या पेजला रेस्टॉरंटचे ग्राहक फॉलो करतात, तिच्या पेजला तिचे चाहते, आणि ते चाहते तिच्यासाठी रविवारी सकाळी अंथरुणातून उठतात. पण चारही कलाकारांना एकाच पोस्टमध्ये कोंबू नकोस. प्रत्येकीची वेगळी पोस्ट, वेगळ्या दिवशी. आणि मालकांच्या कानावर हेही घाल की प्रसिद्धीचं काम हे काम आहे. कलाकाराने रील काढून द्यावं, तीन स्टोऱ्या टाकाव्यात अशी अपेक्षा असेल तर ते मानधनात धरा. नाहीतर मग मागू नका.

मालकांचं काय? ड्रॅग हा शब्द बारीक टाकायचा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. ज्यांना ड्रॅग बघायचंय ते तोच शब्द लिहून शोधतात, त्यांना तुम्ही सापडणारच नाही. आणि ‘संडे स्पेशल’ वाचून जे कुटुंब निवांत खायला आलं, त्यांच्या टेबलाशी अचानक सहा इंची सँडल आणि माइक घेऊन कुणी उभं राहिलं, तर ते बिचारे गांगरतील. त्यात त्यांची चूक नाही. जाताना ऑनलाइन रिव्ह्यूत एकच तारा देतील, तो मात्र कायमचा राहील. शब्द मोठा लिही. सोबत हेही लिही की विनोद कितपत मोकळेढाकळे असतात, कोणत्या वयापासून प्रवेश आहे. वयाचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते मालकांनी तपासून ठरवावेत आणि तू जसेच्या तसे छापावेत.

बिचकणारा गिऱ्हाईक वेगळाच असतो. टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे (२००९ साली ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ सुरू झाली, तेव्हापासून तर फारच) ड्रॅग पाहिलेले लोक खूप झालेत, पण समोर बसून पाहिलेले त्या मानाने थोडे. त्यांच्या मनात प्रश्न असतात आणि ते विचारायची लाज वाटते. मला स्टेजवर ओढतील का? एकटी आले तर चालेल? टिप कधी द्यायची, हातात द्यायची की कसं? आईला आणलं तर? खाणं शोच्या आधी येतं की शो चालू असताना? व्हीलचेअर आत येते का? किती वाजता संपतं? ह्यांची उत्तरं तुझ्या पेजवर कुठेच नाहीत. होस्टला कॅमेऱ्यासमोर बसव आणि तिला तिच्या ढंगात उत्तरं देऊ दे, ‘तुला हात वर करावासा वाटला तरच ओढेन, नाहीतर तुझी प्लेट आणि तू’ असं काहीतरी. ती पोस्ट प्रोफाइलच्या वर पिन कर. तीन पोस्ट पिन करता येतात: एक ही, एक या महिन्याची, एक मागच्या वेळच्या धमालीची. एवढं मांडलंस तरी अनोळखी माणसाला अर्ध्या मिनिटात सगळं कळतं.

बूस्टचं बटण मला फारसं आवडत नाही, पण मालक पैसे द्यायला तयार आहेत तर नाही का म्हणा? फक्त त्या जांभळ्या पोस्टरवर ते उधळू नकोस. जे रील पैसे न टाकताच सर्वात जास्त चाललं, त्यावर लाव. कुणाला दाखवायचं याबद्दल एक ध्यानात ठेव: जानेवारी २०२२ पासून मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) जाहिरातदारांना लैंगिक कल, धर्म, आरोग्य अशा नाजूक विषयांशी जोडलेल्या आवडींवरून माणसं निवडायची सोय काढून टाकली. ते बरंच झालं म्हण. तुला त्याची गरजही नाही. रेस्टॉरंटपासून सहज येता येईल एवढा परिसर निवड, आणि गेल्या वर्षभरात तुझ्या पेजवर काही ना काही केलेल्या माणसांचा गट बनव. ‘पुढच्या महिन्यात’वाले सगळे त्याच गटात बसलेत. त्यांना ब्रंचच्या आधीच्या बुधवार ते शुक्रवार दाखव. शनिवारी रात्री पैसे ओतणं म्हणजे वरात गेल्यावर ढोल वाजवणं.

आता प्रेक्षकांचे फोटो. हे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण इथे चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाची प्रसिद्धी माझ्याकडे होती. कार्यक्रम झाल्यावर मी गर्दीचा एक सुरेख फोटो टाकला: सगळे हसतायत, हात वर, सोनेरी कागदाचे तुकडे हवेत. रात्री पावणेबाराला फोन आला. पलीकडचा आवाज अगदी हळू, बहुतेक बाथरूममधून. ‘तो फोटो काढता का? तिसऱ्या रांगेत मी आहे. घरी मी दुसरीकडे जातो म्हणून सांगितलं होतं.’ मी लगेच काढला. तोवर तो चार तास वर होता आणि किती जणांनी कुठे पाठवला होता याचा मला पत्ता नव्हता. त्याचं पुढे काय झालं तेही मला कळलं नाही. त्याने परत फोन केला नाही, आणि मला त्याच्याकडे विचारायचा हक्क नव्हता.

तेव्हापासून माझा नियम: चेहरा दिसत असेल तर विचारल्याशिवाय नाही. दारात कळेल असं लिही की फोटो काढले जातात. ज्यांना नको त्यांना ठळक रंगाचा एक स्टिकर दे आणि फोटोग्राफरला सांग, तो रंग दिसला की कॅमेरा खाली. एक कोपरा पूर्ण फोटोमुक्त ठेवता आला तर उत्तमच. होस्टने सुरुवातीलाच माइकवरून सांगावं की कलाकारांचे फोटो खुशाल काढा, शेजारच्या टेबलाचे नकोत. आणि गर्दीचा फोटो हवाच असेल तर पाठमोरा घे. वर गेलेले हात, समोर प्रकाशात उभी कलाकार. खरं तर तोच जास्त देखणा येतो.

घाणेरड्या कॉमेंटशी वाद घालत बसू नकोस, तेवढ्याने ती आणखी वर येते. सेटिंगमध्ये शब्द लपवायची सोय आहे, तिथे नेहमीच्या शिव्यांची यादी भर, मराठीतल्याही, आणि त्यांची इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंगंही. अचानक झुंड आली तर काही दिवस अनोळखी खात्यांच्या कॉमेंट मर्यादित करता येतात. पण शिवी वेगळी आणि धमकी वेगळी. धमकी पुसायची नाही. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, त्याच दिवशी मालकांना आणि कलाकारांना कळवायचं, गरज पडली तर पोलिसांना. आणि कलाकार किती वाजता येतात, कुठल्या दाराने येतात हे स्टोरीत कधीही दाखवू नकोस. मेकअपच्या खोलीचं ते रीलसुद्धा त्या दिवशी नाही, नंतरच टाक.

राहता राहिला रोजचा रतीब. तो बंद कर. तुझं मुख्य काम ब्रंच संपल्यावर चोवीस तासांत असतं, आणि तू नेमकी तेव्हा थकून झोपतेस. लोक घरी जाऊन स्टोऱ्या टाकतात, तुला टॅग करतात, त्या चोवीस तासांत विरूनही जातात. रविवारी संध्याकाळी त्या उचलून पुढे टाक, सोमवारी आभारांची पोस्ट आणि त्याच पोस्टमध्ये पुढची तारीख आणि बुकिंग. मधे एक आठवडा गप्प बसलीस तरी आभाळ कोसळत नाही. मग कलाकारांच्या वेगवेगळ्या पोस्ट, गुरुवारी उरलेल्या टेबलांचा आकडा. खरा आकडा. ‘शेवटची काही टेबलं!’ असं तू गेल्या वेळी लिहिलं होतंस आणि निम्मा हॉल रिकामा होता. आलेल्यांनी तो पाहिला ना.

बदाम मोजणं सोड. दारात उभ्या असलेल्या मुलाच्या हातात एक कागद दे: ‘कुठून कळलं?’ आणि पुढे चार रकाने, कलाकार, मित्रमैत्रीण, इन्स्टाग्राम, इतर. दोन महिन्यांत तुला इन्स्टाग्रामच्या आकडेवारीच्या पानापेक्षा जास्त कळेल. माझा अंदाज आहे की ‘मित्रमैत्रीण’ जिंकेल. जाताना ज्यांना हवंय त्यांचे ईमेल पत्ते किंवा नंबर घे, कारण खातं एक दिवस बंद पडलं तर तुझ्या फॉलोअरांपैकी एकालाही तुला कळवता येणार नाही.

मालकांना हे पत्र दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

आणि हो, पेजवर होते तेव्हा बायोमधली बुकिंगची लिंक उघडून पाहिली. ती अजून मागच्या महिन्याच्या तारखेवर जातेय.

तुझी,
ताई